मोआबची पहिली सफर आखताना या चुका टाळा

अमेरिकेतील युटा राज्याच्या आग्नेय भागात, कॉलोरॅडो नदीच्या काठी, मोआब नावाचे पाच-साडेपाच हजार वस्तीचे वाळवंटी गाव आहे. 1950 च्या दशकात युरेनियमच्या खाणींमुळे ते भरभराटीला आले. खाणी ओसरल्यानंतर खनिजाच्या शोधात पाडलेल्या कच्च्या रस्त्यांवरून जीपवाले आणि सायकलवाले फिरू लागले, आणि आज गावाचा चरितार्थ मुख्यतः पर्यटनावर चालतो. गावापासून 8 किलोमीटरवर आर्चेस नॅशनल पार्क, पाऊण तासाच्या अंतरावर कॅन्यनलँड्स, वर ला साल पर्वत आणि खाली नदी, असा हा परिसर असल्याने अमेरिकेत राहणारी अनेक मराठी कुटुंबे लाँग वीकेंडला, बरेचदा भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत घेऊन, येथे येतात. पहिल्या सहलीतल्या बहुतेक चुका घरी बसून आखणी करतानाच होतात. सहल ठिकाणांच्या यादीवरून आखली जाते. ऊन, पाणी आणि दिवसाची वेळ यांचा विचार गावात पोहोचल्यावर सुरू होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

चार दिवसांत पाच उद्याने

झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, कॅन्यनलँड्स आणि आर्चेस ही युटाची पाच राष्ट्रीय उद्याने एका लाँग वीकेंडमध्ये उरकण्याचा बेत मोठ्या उत्साहाने केला जातो. असा बेत करणाऱ्याला उद्यानांच्या पाट्या दिसतात, उद्याने दिसत नाहीत. लास व्हेगसहून मोआब सुमारे 460 मैल आहे. वाटेत घड्याळ एक तास पुढे जाते, म्हणजे निघतानाच एक तास हातचा जातो. शिवाय इंटरस्टेट 70 वर सलायना आणि ग्रीन रिव्हर या गावांच्या दरम्यान शंभर मैलांहून अधिक अंतरात पेट्रोल पंप किंवा उपाहारगृह नाही. सॉल्ट लेक सिटीहून साधारण चार तास लागतात, तर कॉलोरॅडोतील ग्रँड जंक्शनहून दोन तासांच्या आत पोहोचता येते. विमानाने येणाऱ्यांनी ग्रँड जंक्शनचा पर्याय जरूर तपासावा; तिकीट थोडे महाग पडले तरी अर्धा दिवस वाचतो.

अंतरांची दुसरी गफलत कॅन्यनलँड्सच्या बाबतीत होते. नकाशावर हे एकच उद्यान दिसते, परंतु कॉलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांनी त्याचे तुकडे केले आहेत आणि उद्यानाच्या हद्दीत त्या नद्यांवर एकही पूल नाही. आयलंड इन द स्काय हा पठारी भाग मोआबहून 40 मिनिटांवर, तर नीडल्स हा भाग दक्षिणेकडे दीड तासावर आहे, आणि एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी हमरस्त्यावर येऊन सुमारे दोन तास गाडी चालवावी लागते. सकाळी एक आणि दुपारी दुसरा, असा बेत कागदावरच बरा दिसतो. पहिल्या भेटीसाठी तीन पूर्ण दिवस फक्त मोआबला द्यावेत, त्यांत आर्चेस आणि आयलंड इन द स्काय शांतपणे पाहावेत, आणि उरलेली तीन उद्याने पुढच्या वेळेसाठी ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिना चुकला की बाकी सगळे चुकते

मुलांना जून ते ऑगस्टमध्ये सुट्टी असते म्हणून सहलही तेव्हाच ठरते. त्या महिन्यांत मोआबचे तापमान वारंवार 38 अंश सेल्सियसच्या पुढे जाते, आणि तापलेला लाल खडक संध्याकाळनंतरही उष्णता सोडत राहतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर हे चालण्यासाठी सर्वांत सुखाचे दिवस असतात, पण नेमकी तेव्हाच गर्दीही असते. मेच्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे आणि ईस्टरच्या आधीचे दिवस यांची तर विशेष दखल घ्यावी. 1967 पासून येथे ईस्टर जीप सफारी भरते. ईस्टरच्या रविवारी संपणाऱ्या त्या नऊ दिवसांत गावातील खोल्या मिळणे दुरापास्त होते.

उन्हाळ्याशिवाय पर्याय नसेल तर सहल रद्द करण्याची गरज नाही. दिवसाची मांडणी मात्र उलटी करावी. पहाटे साडेपाचला वाटेवर असावे, दहाच्या सुमारास परतावे, दुपार खोलीत किंवा नदीवर घालवावी आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडावे. फार उकडले तर ला साल पर्वताच्या वळणदार रस्त्याने वर जावे. त्या पर्वताची शिखरे 3,800 मीटरपर्यंत पोहोचतात आणि हवेतला फरक गाडीची काच खाली करताच जाणवतो. हिवाळ्यात हा रस्ता बर्फामुळे बंद असतो. थंडीच्या दिवसांत खालच्या पायवाटांवरही सावलीच्या जागी बर्फ गोठून राहते, तेव्हा बुटांवर चढवण्याचे खिळ्यांचे पट्टे जवळ ठेवावेत. वाळवंट म्हणजे सदैव उष्ण, या समजुतीने ऑक्टोबरात केवळ टी-शर्ट घेऊन आलेले पर्यटक हॉटेलच्या दारात कुडकुडताना दिसतात. येथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात 20 अंशांहून अधिक फरक पडू शकतो.

सह्याद्रीत मुरलेल्या पायांची फसगत

ज्यांनी राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड केले आहेत त्यांना आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीची जाऊन-येऊन 4.8 किलोमीटरची वाट किरकोळ वाटते. चढ केवळ दीडशे मीटरांचा आहे, आणि अंतराच्या हिशेबाने ती किरकोळ आहेही. मात्र सह्याद्रीतल्या चार सवयी येथे उलट्या पडतात, आणि त्या आधीच समजून घ्याव्यात.

पहिली सवय घामाची. आपल्याकडच्या दमट हवेत सदरा ओला झाला की आपोआप बाटलीकडे हात जातो. मोआबच्या कोरड्या हवेत घाम कातडीवरच उडून जातो, अंग कोरडे राहते, आणि शरीरातून किती पाणी गेले याची कल्पनाच येत नाही. उद्यानाची अधिकृत सूचना माणशी दिवसाला किमान 4 लिटर पाण्याची आहे. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन निघालेले कुटुंब तहान लागेपर्यंत वाट पाहते आणि परतीच्या वाटेवर बसून राहते. नुसते पाणी पीत राहणेही पुरेसे नाही, कारण घामाबरोबर मीठही जाते. भडंग, चिवडा, खारे शेंगदाणे, ओआरएसची पाकिटे किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांचा येथे खरा उपयोग होतो. डोके दुखू लागले, मळमळले किंवा बराच वेळ लघवीच झाली नाही तर पुढे जाण्याचा विचार सोडावा, सावली शोधावी, मान व डोके ओले करावे आणि थोडे थोडे खारट पेय घ्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले तर तो उष्माघात असू शकतो आणि तेव्हा क्षणाचाही विलंब न करता मदत मागवावी. आर्चेसमध्ये पाणी भरण्याची सोय प्रवेशद्वाराजवळच्या व्हिजिटर सेंटरमध्ये आणि रस्त्याच्या शेवटी, 18 मैलांवर, डेव्हिल्स गार्डनमध्ये आहे, मध्ये कोठेही नाही. दोन्ही उद्यानांत जेवण मिळत नाही. दशम्या, चटणी आणि फळे गाडीत असलेली बरी, आणि शाकाहारी मंडळींनी तर गावातल्या किराणा दुकानातून सामान घेऊनच निघावे.

दुसरी सवय चढाची. गडावर आधी चढायचे आणि थकल्यावर उतरायचे, हा आपला क्रम. कॅन्यनलँड्समध्ये गाडी पठारावर लागते आणि वाट खाली दरीत उतरते, त्यामुळे सगळा चढ परतीच्या वेळी, भर उन्हात, अंगातले पाणी संपत आलेले असताना समोर येतो. अपहीवल डोम या वर्तुळाकार खळग्याभोवतीची सिंक्लाइन लूप ही सुमारे 13 किलोमीटरची वाट याचे ठळक उदाहरण आहे. या उद्यानातील बहुतेक बचावकार्ये त्याच वाटेवर होतात. उतरणीच्या वाटेवर एक तृतीयांश पाणी संपले की परत फिरावे, मग सोबतचे कितीही आग्रह करोत.

तिसरी सवय खडकाची. कोरडा वालुकाश्म बुटाच्या रबराला उत्तम पकड देतो, त्यामुळे सह्याद्रीच्या शेवाळलेल्या कातळापेक्षा येथे चढणे सोपे जाते आणि माणूस नकळत नको तेथे वर जातो. उतरताना मात्र तोच उतार घसरडा आणि खोल दिसू लागतो. उघड्या खडकावर मळलेली वाट नसते, दगडावर दगड रचून केलेल्या खुणा असतात. पुढची खूण दिसत नसेल तर अंदाजाने चालू नये. शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे आणि तेथून पुन्हा पाहावे. हौसेने नवे मनोरे रचू नयेत, कारण मागून येणारा त्यांनाच वाट समजतो. वाटेच्या कडेला काळसर, खडबडीत, फुगलेली माती दिसते; ती सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी बांधलेली जिवंत साय आहे. तिच्यामुळे वाळू वाऱ्याने उडत नाही, आणि तिच्यावर उमटलेले एक पाऊल भरून यायला कित्येक दशके लागतात. फोटोसाठी वाट सोडायचीच असेल तर खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चालावे.

चौथी सवय पावसाची. सह्याद्रीत पाऊस डोक्यावर पडतो आणि ओढा फुगणार हे कळते. येथे वर्षभरात 25 सेंटीमीटरही पाऊस होत नाही, परंतु जुलै ते सप्टेंबरमधल्या वादळी सरी उघड्या खडकावर पडतात, पाणी मुरत नाही, आणि कित्येक मैलांवर झालेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालच्या अरुंद घळीत येऊन धडकतो. त्यामुळे घळीत शिरण्यापूर्वी केवळ मोआबचा नव्हे, आसपासच्या सगळ्या प्रदेशाचा हवामान अंदाज पाहावा, आणि वाहत्या पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये.

भाड्याची गाडी आणि कच्चा रस्ता

कॅन्यनलँड्समधील शेफर ट्रेल या कच्च्या रस्त्याची नागमोडी वळणे फोटोत पाहून अनेकांना आपली भाड्याची एसयूव्ही तेथे उतरवण्याचा मोह होतो. गाडीला चारही चाकांची ओढ असणे आणि ती खऱ्या अर्थाने उंच, लो रेंज गिअर असलेली फोर बाय फोर असणे, यांत मोठा फरक आहे. विमानतळावर मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास मनाई असते. तेथे गाडी अडकली तर विमा लागू होत नाही, आणि ओढून आणण्याचा खर्च सहज हजार डॉलरच्या पुढे जातो. गावातच जीप भाड्याने मिळतात, शिवाय चालकासह सहलीही असतात, आणि पहिल्या वेळी चालकासहच जावे. साइड बाय साइड प्रकारच्या, कच्च्या वाटांसाठीच्या छोट्या वाहनांना आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये प्रवेश नाही. ती बाहेरच्या वाटांवर चालवण्यासाठीही युटामध्ये 2023 पासून प्रौढ चालकांना एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

सायकलच्या बाबतीत नावाची भुरळ आड येते. मोआबजवळच्या सँड फ्लॅट्स भागातील स्लिकरॉक ट्रेल जगप्रसिद्ध आहे, परंतु 1969 मध्ये ती मोटारसायकलींसाठी आखली गेली होती, आणि तिचे चढ-उतार नवख्याला पहिल्याच मैलात पायउतार करतात. गावाच्या उत्तरेला असलेल्या मोआब ब्रँड्स या वाटांवर सुरुवात करावी. नदीचेही तसेच आहे. फिशर टॉवर्सजवळच्या सौम्य प्रवाहात मुलांसह राफ्टिंग करता येते. कॅटरॅक्ट कॅन्यन या दरीतला खवळता प्रवाह हा वेगळाच मामला आहे, विशेषतः मे-जूनमध्ये, जेव्हा बर्फ वितळून पाणी चढलेले असते. ते पाणी वाळवंटातले असले तरी बर्फासारखे गार असते.

आरक्षण आणि पास

आर्चेसमध्ये 2022 ते 2025 या वर्षांत गर्दीच्या महिन्यांसाठी प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागत होती. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी उद्यानाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. तिथल्याच फायरी फर्नेस या खडकांच्या चक्रव्यूहात परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि डेव्हिल्स गार्डनमधील तंबूच्या जागा मार्च ते ऑक्टोबरसाठी सहा महिने आधीपासून भरू लागतात. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास डेड हॉर्स पॉइंटला चालत नाही, कारण ते राज्य सरकारचे उद्यान आहे. सँड फ्लॅट्सचे शुल्कही वेगळे. 2026 पासून अमेरिकेचे रहिवासी आणि परदेशी पर्यटक यांच्यासाठी वार्षिक पासची किंमत वेगवेगळी आहे, तेव्हा पास कोणाच्या नावाने घ्यायचा हे आधीच ठरवावे.

योजना मोडलीच तर

फोनची रेंज गाव सोडताच जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि आपण कोठे जात आहोत व केव्हापर्यंत परतू, हे मागे राहणाऱ्या कोणाला तरी लिहून द्यावे. 2003 मध्ये युटाच्याच ब्लूजॉन कॅन्यनमध्ये ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात निसटलेला मोठा दगड आणि घळीची भिंत यांच्यात अडकला. आपण कोठे जात आहोत हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते, आणि पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून त्याला सुटका करून घ्यावी लागली.

आर्चेसचे वाहनतळ भरले असेल तर रांगेत तासभर थांबू नये. नदीकाठचा 279 क्रमांकाचा रस्ता धरावा. त्यावर प्राचीन खोदचित्रे गाडीतूनही दिसतात आणि कोरोना आर्चची वाट तेथूनच सुरू होते, मात्र तिच्यावर लोखंडी दोर आणि शिडी असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी ती टाळावी. आईवडिलांना डेलिकेट आर्चपर्यंत चालणे जमणार नसेल तर त्यांना जबरदस्तीने नेऊ नये. रस्त्यालगतच्या खालच्या व्ह्यू पॉइंटवरून ती कमान लांबून दिसते, द विंडोज आणि बॅलन्स्ड रॉक अगदी थोड्या चालण्यात होतात, आणि डेड हॉर्स पॉइंटच्या कठड्याशी तर गाडीतून उतरून काही पावलांतच पोहोचता येते. तरुण मंडळी सूर्यास्तासाठी डेलिकेट आर्चला चढणार असतील तर प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा असावा, कारण सूर्य बुडाल्यावर सगळे एकदम उतरू लागतात, आणि मोबाइलच्या उजेडात त्या उघड्या खडकावरच्या खुणा शोधता येत नाहीत.