परसातल्या शेकोटीसाठी फायर बाउल कसा वापरावा

फायर बाउलमधली, म्हणजे धातूच्या पसरट भांड्यातली, शेकोटी कशी जळणार, हे काडी ओढायच्या आधीच ठरलेलं असतं. लाकूड वाळलेलं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत जाळ धरतो. ओलं असेल तर सगळी संध्याकाळ धुमसण्यात जाते, मंडळी डोळे चोळत खुर्च्या सरकवत राहतात आणि बोल मात्र भांड्याला लागतो. म्हणून या लेखात लाकडावर आणि राखेवर जरा जास्तच लिहिलं आहे. बाकीचं तुलनेनं सोपं आहे.

भांडं निवडताना

पत्रा जाड हवा, साधारण 3 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. पातळ पत्रा दोन-चार वेळा तापला की वेडावाकडा होतो. ओतीव लोखंड धग जास्त वेळ धरून ठेवतं, पण तापलेलं असताना त्यावर गार पाणी ओतलं तर तडकू शकतं. बुडाला पाणी निघून जाण्यासाठी भोक असलेलं बरं. जस्ताचा मुलामा दिलेली जुनी बादली किंवा टब शेकोटीसाठी वापरू नका. जस्त 419 अंशांना वितळतं, आणि निखाऱ्यांची धग त्याच्या बरीच वर जाते. त्यातून निघणारा धूर छातीत गेला की ताप आणि थंडी भरते.

भांड्याच्या बुडाशी दोन-तीन सेंटिमीटर कोरडी वाळू पसरा. निखाऱ्यांची थेट आच पत्र्याला लागत नाही आणि भांडं जास्त वर्षं टिकतं. नदीतले गोटे मात्र सजावटीलाही ठेवू नका. त्यांच्या पोटात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून तुकडे उडतात.

जागा

घराची भिंत, कुंपण, लाकडी शेड या सगळ्यांपासून किमान 3 मीटर अंतर ठेवा. मग मान वर करून पाहा. झाडाची फांदी, विजेची तार, कपड्यांची दोरी यांपैकी काहीही डोक्यावर नको. भांडं सपाट जमिनीवर, खडीवर किंवा विटांवर डगमगणार नाही असं बसवा. वाळलेल्या गवतावर किंवा लाकडी फळ्यांच्या ओट्यावर नको. काँक्रीटवर ठेवायचं तर भांड्याला पाय हवेत, नाहीतर धगीने काँक्रीटचे पोपडे उडतात.

झाडाच्या लहान फांद्या सतत हलत असतील, तर त्या दिवशी शेकोटी राहू द्या. वाऱ्यावर ठिणगी कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. उघड्यावर जाळ करण्याबाबत तुमच्या भागात काही नियम किंवा बंदी आहे का, हेही आधी विचारून घ्या.

लाकूड

ताज्या तोडलेल्या लाकडात खूप पाणी असतं. असं लाकूड पेटवलं की आगीची बरीचशी ताकद त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. लाकूड पुरेसं तापत नाही आणि न जळलेला धूर तसाच बाहेर पडतो. ओलावा 20 टक्क्यांच्या आत आला की लाकूड शेकोटीला योग्य झालं. त्यासाठी ओंडके फोडून, छपराखाली, हवा खेळेल असे रचून सहा महिने ते वर्षभर ठेवावे लागतात. टणक लाकडाला त्याहून जास्त वेळ लागतो.

ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, पण माझा भरवसा कानावर आहे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द आवाज करतं. वाळलेल्याची साल सहज सुटते, टोकांना भेगा दिसतात आणि हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं वाटतं.

रंगवलेलं, पॉलिश केलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड किंवा प्लायवूड कधीही जाळू नका. काही जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडांत आर्सेनिक असतं, आणि जळल्यावर ते धुरात नि राखेत उतरतं. प्लास्टिक आणि कचराही शेकोटीत नको.

पेटवण्याची रीत

बहुतेक लोक खाली कागद, वर काटक्या आणि त्यावर ओंडके रचतात. मी उलटं करते. सर्वांत खाली मनगटाएवढ्या जाड तीन-चार ढलप्या, मध्ये फटी ठेवून. त्यावर आडव्या, अंगठ्याएवढ्या जाड काटक्या. त्यावर बारीक काड्या आणि सगळ्यात वर कागदाचे दोन-तीन बोळे. काडी लावायची ती वरून.

आता हात आवरून बसायचं. काड्या तडतडत पेटतात. थोड्या वेळाने खालच्या ढलपीची कड काळवंडते, तिच्यातून धुराची बारीक रेघ निघते, आणि वरच्या ज्वाळेत शिरताच ती रेघच पेट घेते. एरवी डोळ्यांत गेला असता तो धूर इथे जळून धग देतो. सगळी युक्ती एवढीच आहे.

पेट्रोल किंवा रॉकेल अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताक्षणी भडका थेट अंगावर येतो.

जाळ सांभाळताना

एका वेळी एक-दोनच ढलप्या घाला, त्याही चिमट्याने, अलगद ठेवून. लाकूड भांड्याच्या काठाबाहेर येता कामा नये. पाण्याची भरलेली बादली हाताशी असू द्या. अंगावर सुती किंवा लोकरीचे कपडे घाला, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. मुलं आसपास असतील तर एका मोठ्या माणसाने फक्त तिकडेच लक्ष द्यावं. कुणाला भाजलंच, तर त्या जागेवर 20 मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ लावू नका.

विझवणं आणि राख

उठायच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. उरलेले निखारे पसरा, बाजूला उभं राहून पाणी थोडं थोडं शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा शिंपडा. एकदम बादली ओतली तर गरम वाफ तोंडावर येते. भांडं ओतीव लोखंडाचं असेल तर पाण्याऐवजी कोरडी वाळू घालून दाबा. निखारे धुमसत असताना भांडं थंडीसाठी घरात किंवा तंबूत नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, आणि बंद जागेत त्याने माणूस मरतो.

एकदा सकाळी मी वरून गार लागलेली राख प्लास्टिकच्या बादलीत भरली होती. तासाभराने बघते तो बुडाला वितळून भोक पडलेलं, आणि खालचं गवत धुमसत होतं. राखेच्या पांघरुणाखाली विस्तव चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. तेव्हापासून राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात जाते, आणि तो डबा घरापासून लांब, उघड्या जमिनीवर राहतो.

भांड्यात राख साठवून ठेवू नका. ती ओली झाली की तिच्यातला क्षार पत्र्याला खातो आणि बुडापासून गंज चढतो. वाळू बदला, भांडं कोरड्या फडक्याने पुसा, आणि पावसात ठेवावंच लागलं तर उपडं घाला.