चरणारी खिलार दरवर्षी वेतावी म्हणून: खुराक कधी, किती आणि का

बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागचा माळ असो की खानापूरची जंगलकड, चरून येणाऱ्या गाईबद्दल एक तक्रार ठरलेली: व्यायली, आणि मग सहा-आठ महिने माजावरच येईना. दोष वळूला, नाहीतर रेतन करणाऱ्याला दिला जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा दावणीतच असतो, आणि तोही व्यायच्या आधीच्या तीन महिन्यांतला.

खिलार ही देशी गाय आपण दुधासाठी पाळत नाही. चिंचलीच्या यात्रेत चारचौघांत उठून दिसेल अशा खोंडासाठी पाळतो. म्हणजे वासरू आईलाच पितं आणि आई रानात चरते. त्यामुळे दुधाळ एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी गाईचं) वेळापत्रक तिला लागू पडत नाही. परदेशात मांसासाठी पाळलेल्या, वासरासकट कुरणात चरणाऱ्या गाईंवर झालेला अभ्यास तिला जास्त जवळचा आहे. आपल्याकडे तो व्यवसाय नाही, कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गोहत्येला बंदीच आहे. पण गाईच्या पोटाचं गणित तेच.

ते गणित महिनाअखेरच्या प्रपंचासारखं चालतं. खाल्लेल्यातून आधी स्वतःचा जीव आणि रोजची चाल भागते, मग वासराचं दूध, पहिलारू असेल तर तिची स्वतःची वाढ, आणि काही उरलं तरच पुढचा गर्भ. खाणं कमी पडलं की अंगावरची चरबी वितळू लागते, रक्तातलं ग्लुकोज आणि इन्शुलिन उतरतं. मेंदूला तेवढा इशारा पुरतो. बीजांड पक्व करून सोडायला लावणारा एलएच हा संप्रेरक मग पुरेसा वारंवार सुटत नाही. बीजांडकोशात बीजांडाचे फोड वाढतात, पण फुटून बीजांड सुटत नाही. माज दिसणार कुठून?

आधी हाताने अंग बघा. व्यायला तीन महिने उरले असताना गाय सपाट जागी उभी करा आणि मागच्या बाजूने तळहात बरगड्यांवरून फिरवा. केसाळ अंगावर डोळे फसतात, हात फसत नाही. शेवटच्या एक-दोन बरगड्या जेमतेम जाणवल्या आणि शेपटीच्या मुळाशी थोडं मांस लागलं, तर बरं. पुढच्या बरगड्याही मोजता आल्या, कंबरेची हाडं टोचली, तर ती खंगलेली आहे. मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या ९ गुणांच्या मोजपट्टीवर व्याताना ५ गुण हवेत, पहिलारूला ६.

कमी पडलं असेल तर आत्ताच भरा. व्यायल्यानंतर घातलेला खुराक आधी दुधात जातो, अंगावर लवकर चढत नाही. शिवाय पोटातल्या वासराची मोठी वाढ याच शेवटच्या तीन महिन्यांत होते. नुसत्या कडब्यात किंवा भाताच्या पिंजरात प्रथिनं चार-पाच टक्क्यांच्या आसपासच असतात. सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले जिवाणू मंदावतात, वैरण पचत नाही आणि गाय समोर भरपूर असूनही कमी खाते. म्हणून पेंड आधी, कडबा वाढवणं नंतर. साडेतीनशे-चारशे किलोच्या गाईला रोज दीड किलो सरकी पेंड, किंवा त्याच्या निम्मी शेंगदाणा पेंड पुरावी. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सोबत ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर मीठ. पेंड एकदम सुरू करू नका, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या.

ऊसतोडीच्या दिवसांत निपाणी-चिकोडीकडे वाढ्यांवरच, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरच, गाय काढायची पद्धत आहे. वाढं गोड, गाय आवडीने खाते, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. थोडं चालेल, निम्मी तरी वैरण दुसरी हवी.

वेताचा महिना निवडा. जमलं तर गाय कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात फळवा (वळू किंवा रेतन द्या). गाभणकाळ सुमारे २८५ दिवसांचा, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वेत येतं आणि शेवटचे महिने हिरव्या चाऱ्यावर जातात. जूनमध्ये व्याणारी गाय मात्र वैशाखाच्या उन्हात वाळका माळ चाटून आलेली असते. खानापूरच्या पावसात ऑगस्टचं वासरू सांभाळायला गोठा कोरडा लागतो, हे खरं.

वासरू दोन वेळच पाजा. सतत पिणारं वासरू आईचा माज लांबवतं. महिन्याचं झालं की सकाळ-संध्याकाळच सोडा, एरवी वेगळं बांधा.

जूनमधला पहिला कोवळा चारा पाण्याने भरलेला असतो. पोट फुगू नये म्हणून रानात सोडण्याआधी थोडा कडबा घाला. जंताचं औषध पावसाळ्याच्या तोंडावर, डॉक्टरांना विचारूनच.

दरवर्षी वेत हवं तर व्यायल्यापासून सुमारे ८० दिवसांत गाय गाभण राहिली पाहिजे. साठ दिवसांत माज दिसला नाही तर डॉक्टरांकडून तपासणी करा. खंगलेल्या गाईला आधी हार्मोनचं इंजेक्शन द्यायचा आग्रह धरू नका: माज दिसला तरी अशी गाय बऱ्याचदा उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. फळवल्यावर २१ दिवसांनी माज आला नाही म्हणून गाभण धरून पेंड बंद करू नका, दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून हात घालून तपासून घ्या.