घरगुती डिस्टिलर वापरताय? या चुका टाळा

डिस्टिलरचं काम सोपं आहे. पाण्याची वाफ वर जाते, थंड होऊन पुन्हा पाणी होते. क्षार, शिसं, आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड तळाशी राहतात आणि जंतू उकळीत मरतात. तरीही भरलेल्या बाटलीला वास येतो किंवा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) 40 दाखवतो, तेव्हा वाफेसोबत आणखी काय वर गेलं ते शोधायचं.

वास येत असेल तर पहिल्या वाफेकडे बघा. क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतं, बेन्झीन 80 ला. पाणी उकळायच्या आधीच ही द्रव्यं उडतात आणि कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या भागातून, पाण्यातच उतरतात. म्हणून वाफ बाहेर सोडणारं बारीक छिद्र कधीही बुजवू नका आणि 4 लिटरच्या खेपेतलं पहिलं कपभर पाणी फेकून द्या. उरलेली अशी द्रव्यं शोषणारी तोटीतली कार्बनची पुडी महिना-दोन महिन्यांत बदला. वास यायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. नवी पुडी आधी गरम पाण्यात खळबळून घ्या, नाहीतर काळी पूड पाण्यात येते. कीटकनाशक किंवा पेट्रोल मिसळल्याचा संशय असेल तर ते पाणी डिस्टिलरमध्ये घालूच नका.

टीडीएस 10 च्या वर गेला तर बहुधा भांडं रेषेच्या वर भरलेलं असतं, किंवा धुताना राहिलेल्या साबणाचा फेस झालेला असतो. उसळत्या पाण्याचे थेंब वाफेवर स्वार होऊन क्षारांसकट पलीकडे जातात. मात्र मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. वरची उडणारी द्रव्यं त्याला दिसत नाहीत, म्हणून आकडा शून्य आला तरी कार्बन लागतोच.

उरलेल्या पाण्यावरच नवं पाणी ओतणं ही सर्रास होणारी चूक. दर खेपेला क्षार दाट होत जातात, तळाशी पांढरा थर धरतो, तळ जास्त तापतो आणि कटआउट मध्येच यंत्र बंद करतो. पाव लिटर उरलं की थांबा, ते ओतून द्या. थर काढायला लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, नीट धुवा. तारेची घासणी नको. ब्लीच तर अ‍ॅसिडसोबत कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तोटीतून वाफ येत असेल तर पंखा आणि कंडेन्सरच्या पात्यांवरची धूळ साफ करा. यंत्र ‘हळू’ चालतंय ही तक्रार मात्र बहुधा चुकीची असते. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट वीज लागतेच, त्यामुळे 750 वॅटच्या यंत्राला 4 लिटरसाठी चार तास हवेतच.

या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून मळकट बाटलीत जंतू पुन्हा वाढतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लधर्मी होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात न ठेवता झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवा. चव सपक वाटली तर दोन भांड्यांत वरून खाली चार-पाच वेळा ओता.