पान पिवळे पडले, तर आधी ते जुने की कोवळे हे पाहा
झाड पिवळे दिसू लागले की सरसकट युरिया देण्यापूर्वी, पिवळेपणा बुडाकडच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, हे नीट पाहावे. मुळांनी शोषलेले पाणी व क्षार जलवाहिन्यांतून वर चढतात. परंतु पानात पोहोचलेले नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम टंचाईच्या काळात रसवाहिन्यांतून (पानांतले अन्न इतरत्र नेणाऱ्या नलिकांतून) नव्या फुटीकडे वळवता येत असल्याने, त्यांची कमतरता प्रथम जुन्या पानांवर उमटते. लोह आणि कॅल्शियम असे सहजी हलत नाहीत. म्हणून मोसंबीचे कोवळे पान पिवळे आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्यागार दिसल्यास लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही आणि नुसते हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकले तर त्यातले लोहही लवकरच मातीत बद्ध होते, म्हणजे मुळांना न मिळणाऱ्या रूपात अडकते. त्यापेक्षा चिलेटेड लोहाची (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या, सहज बद्ध न होणाऱ्या लोहाची) पानांवर फवारणी अधिक भरवशाची. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडते तेव्हाही दोष बहुधा मातीतल्या कॅल्शियमचा नसून पाण्याच्या अनियमित पाळ्यांचा असतो, कारण फळापर्यंत कॅल्शियम जवळजवळ केवळ जलवाहिन्यांतील प्रवाहाबरोबरच पोहोचते.