जीआरई व्हर्बल : समानार्थी जोडी निवडताना या चुका टाळा

परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई परीक्षेच्या व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागातला ‘सेंटेन्स इक्विव्हॅलन्स’ हा प्रश्न दिसायला सोपा असतो. एक वाक्य, एक रिकामी जागा आणि सहा पर्याय. त्यातले दोन असे निवडायचे की ते एकेक करून घातल्यावर होणाऱ्या दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच निघेल. एक बरोबर आणि एक चूक आला तर गुण शून्य, अर्धा गुण मिळत नाही. सहा पर्यायांच्या १५ जोड्या होतात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तर बरोबर यायची शक्यता पंधरात एक.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाक्य नीट न वाचता थेट पर्यायांत जोडी शोधणं. एक नमुना घ्या (सोयीसाठी वाक्य मराठीत): ‘व्याख्यानं लांबलचक म्हणून प्रसिद्ध असली, तरी प्राध्यापकांच्या लेखी टिपा मात्र ___ असत, क्वचितच एखादी पानाच्या पुढे जाई.’ पर्याय : एरुडाइट, टर्स, लेजिबल, स्कॉलरली, सक्सिंक्ट, टीडियस.

जोडी शोधायला निघालात की एरुडाइट-स्कॉलरली लगेच डोळ्यांत भरते. दोन्ही म्हणजे विद्वत्तापूर्ण, आणि प्राध्यापकांना शोभणारंही. पण वाक्यात विद्वत्तेचा प्रश्नच नाही. ‘लांबलचक’, ‘तरी’ आणि ‘पानाच्या पुढे’ हे तीन धागे आखूडपणाकडे बोट दाखवतात. लेजिबल, म्हणजे सुवाच्य, ओढूनताणून बसेलही, पण त्याला जोडीदार नाही. उत्तर टर्स आणि सक्सिंक्ट, दोन्ही म्हणजे थोडक्यात, मोजक्या शब्दांत. हे दोन शब्द तंतोतंत जुळे नाहीत बरं का : टर्सला किंचित तुटकपणाची छटा आहे, सक्सिंक्टला नाही. तरीही दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात, आणि परीक्षेला तेवढंच हवं असतं.

म्हणून आधी पर्याय हाताने झाका. रिकाम्या जागी तुमचा साधा शब्द घाला, मराठीतला असला तरी चालेल, इथे ‘आटोपशीर’. मग सहाही पर्याय त्याच्याशी ताडून पाहा आणि उरलेले दोन एकेक करून पूर्ण वाक्यात वाचा.

मराठी माध्यमातून आलेल्यांची एक चूक वेगळी असते. शब्द पाठ करायच्या कार्डाच्या मागे एकच मराठी अर्थ लिहून पाठ केला जातो. फ्रुगल म्हणजे काटकसरी, पार्सिमोनिअस म्हणजेही काटकसरी, झाली जोडी! पण फ्रुगल हे बहुधा कौतुक आहे, आणि पार्सिमोनिअस माणसाच्या हातून पैसा सुटत नाही. आपल्याकडेही काटकसरी वेगळा आणि चिक्कू वेगळा, मग कार्डावरच ते का मिसळायचं? प्रत्येक कार्डावर अर्थाशेजारी अधिक किंवा उणे चिन्ह टाका आणि जोडीदार लिहा : फ्रुगलसोबत थ्रिफ्टी, पार्सिमोनिअससोबत मायझर्ली. तीव्रतेचंही तसंच. नाराज आणि संतप्त एका जोडीत बसत नाहीत.

दिसण्यावर जाऊ नका. इंजीनियस म्हणजे कल्पक, इंजेन्युअस म्हणजे निष्कपट. एनर्व्हेटमध्ये ‘एनर्जी’ ऐकू येते, पण अर्थ आहे शक्तिहीन करणं. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, कंटाळलेला नव्हे. ओळखीचे शब्दही दगा देतात : फ्लॅग म्हणजे ढेपाळणं, टेंपर म्हणजे सौम्य करणं, क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं. ‘हा तर सोपा शब्द, इथे कशाला?’ असं वाटलं की त्याचा दुसरा अर्थ आठवा.

तरीही अडलात तर? तीन पर्याय बसत असतील तर ज्याला अर्थाने जोडीदार नाही तो खोडा. एकच बसत असेल तर वाक्याची दिशा उलटी वाचली गेली असण्याची शक्यता जास्त. ‘ऑल्दो’, ‘फार फ्रॉम’, ‘हार्डली’ असे शब्द पुन्हा तपासा. अनोळखी शब्द केवळ अनोळखी म्हणून काढून टाकू नका. ओळखीचे चार बाद झाले की उरलेले दोनच उत्तर असतात.

वेळेचा हिशोब असा : व्हर्बलच्या पहिल्या भागात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. सरासरी दीड मिनिट पडतं, पण उताऱ्यांना जास्त लागतं, म्हणून या प्रश्नाला मिनिटभरच द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा दोन पर्याय निवडा, खूण करा, पुढे चला आणि त्याच भागाची वेळ संपण्याआधी परत या.