उडत्या पक्ष्यांचे फोटो सुधारायचेत? आधी पंखाखालचा उजेड बघा

उडत्या पक्ष्याचा फोटो शार्प आला की बरेच जण खूश होतात, पण घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की काहीतरी कमी वाटतं, पोट काळपट, पंखांची खालची बाजू काळी, डोळा कुठंय तेच दिसत नाही आणि मागे पांढरं फटक आकाश. याचं कारण बहुतेक वेळा लेन्स नसते, कॅमेरा पण नसतो. आपण पक्ष्याला खालून बघतो आणि सूर्य असतो वर, म्हणजे सगळा उजेड त्याच्या पाठीवर पडतो जी आपल्याला दिसतच नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की फ्लाइट फोटोग्राफीत पहिला विचार शटर स्पीडचा (शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा) नाही, पंखाखाली उजेड कसा पोचेल याचा करायचा.

त्यासाठी सूर्य खाली पाहिजे. उगवल्यानंतरचे पहिले दीड-दोन तास आणि मावळण्याआधीचे तेवढेच, तेव्हा उजेड आडवा येतो आणि थेट पोटावर, पंखाखाली आणि डोळ्यात पडतो. उभं राहताना सूर्य पाठीमागे घ्यायचा, सोपी खूण म्हणजे तुमची स्वतःची सावली ज्या दिशेला पडलीय त्याच दिशेला पक्षी यायला हवा, थोडा इकडे तिकडे चालतो पण फार बाजूला गेला की एक पंख उजळ आणि दुसरा अंधारात असं होतं. दुपारी बाहेर पडायचंच असेल तर फिकट वाळू किंवा बर्फ असलेली जागा शोधा, कारण तिथून उजेड परावर्तित होऊन खालून पंखांवर येतो आणि भर दुपारी पण पोटाचे डिटेल्स मिळतात. फक्त दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचा पक्षी टिपू नका, हवा थरथरत असते आणि कितीही भारी लेन्स असली तरी फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो, तो नंतर एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

ढगाळ दिवशी वेगळं गणित. पातळ ढग असतील तर पांढऱ्या पक्ष्यांसाठी मस्त उजेड असतो, पिसं जळत नाहीत, म्हणजे निव्वळ पांढरी होऊन डिटेल्स जात नाहीत, पण पांढऱ्या आकाशावर पक्षी घेतला तर चित्र मरगळलेलं दिसतं, अशा वेळी मागे झाडं, डोंगर किंवा पाणी येईल असाच पक्षी घ्यायचा आणि आकाशातला सोडून द्यायचा.

आता वारा. याच्याकडे खूप लोक लक्षच देत नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण फुकटात मिळणारी सगळ्यात मोठी मदत हीच आहे. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून झेप घेतात आणि तसेच उतरतात, समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे त्यांना कमी वेगात उचल मिळते. म्हणजे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीमागून येत असतील तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, अंगावर उजेड घेऊन उतरणार. आणि वारा तोंडावर येत असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो. म्हणून निघायच्या आधी वाऱ्याची दिशा बघा, पूर्वेचा वारा असेल तर सकाळ चांगली, पश्चिमेचा असेल तर संध्याकाळ. जोराचा वारा आणखी उपयोगी, कारण वाऱ्याला तोंड देऊन उडणारा पक्षी जमिनीच्या हिशोबाने हळू सरकतो, कधी कधी तर जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो, नवीन माणसाला सरावाला याच्यापेक्षा चांगला दिवस नाही.

सेटिंग्ज पटकन सांगतो. घार, बगळा असे मोठे आणि सावकाश उडणारे पक्षी १/१२५० ते १/१६०० सेकंद शटर स्पीडला मिळतात, बदकं आणि तत्सम वेगवान पक्ष्यांना १/२००० ते १/२५००, खंड्या किंवा पाकोळीसारख्यांना १/३२०० आणि त्याच्या वर. अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८ (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक किती उघडं ते). फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस करत राहणारा), बर्ड डिटेक्शन, म्हणजे पक्षी आपोआप ओळखायची सोय असेल तर चालू करा, जुना कॅमेरा असेल तर मधला पॉइंट आणि आजूबाजूचे थोडे पॉइंट. पक्षी लांब असतानाच लेन्समध्ये पकडा आणि त्याच्यासोबत कॅमेरा फिरवत राहा, जवळ आल्यावर शोधायला लागलात तर गेला तो. इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना एकदा तपासा, काही कॅमेऱ्यांचा सेन्सर हळू वाचला जातो आणि फडफडणारे पंख वाकडे येतात, तिथे मेकॅनिकल शटरच बरं.

एक्स्पोजरबद्दल मात्र थोडं थांबून. मॅन्युअल मोड (शटर आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं) आणि ऑटो आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते कॅमेरा ठरवतो) हे कॉम्बिनेशन बदलत्या उजेडात चांगलं आहे, पण कॅमेरा मागची बॅकग्राउंड बघून फसतो. उजळ आकाशावरची काळपट घार असेल तर +१ ते +१.५ कॉम्पेन्सेशन द्यावं लागतं (कॅमेऱ्याने ठरवलेलं एक्स्पोजर मुद्दाम वाढवणं, +१ म्हणजे एक स्टॉप, दुप्पट), गडद झाडीसमोरचा पांढरा बगळा असेल तर उलट -१ च्या आसपास. आणि तोच बगळा आकाशातून झाडीसमोर आला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर परत उलटं सांगणार! म्हणून ऊन स्थिर असेल तर आयएसओ पण फिक्स करून टाका, पक्ष्यावरचा उजेड बदललेला नसतो, बदललीय फक्त बॅकग्राउंड. एक टेस्ट शॉट घ्या, पांढऱ्या पिसांवर हायलाइट वॉर्निंग (जास्त उजळून जळलेला भाग दाखवणारा इशारा) लुकलुकत नाही ना बघा, आणि मग त्या सेटिंगला हात लावू नका.

कंपोझिशनमध्ये सगळ्यात मोठा फरक उंचीने पडतो. डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्याचा फोटो म्हणजे फक्त पोटाचा फोटो, त्यापेक्षा टेकाडावर किंवा पुलावर उभे राहा जिथे पक्षी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर उडतो, किंवा पाण्यावरून उडणारे असतील तर काठावर खाली बसा. मग पक्ष्याचा चेहरा दिसतो, मागची झाडी लांब जाते आणि छान ब्लर होते. पक्षी ज्या दिशेला उडतोय तिकडे जागा जास्त ठेवायची हे बहुतेकांना माहीत असतं, पण काढताना फ्रेम घट्ट भरली की पंखाची टोकं कापली जातात आणि कापलेलं टोक कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणत नाही, त्यामुळे काढताना फ्रेम सैल ठेवा, क्रॉप नंतर.

पंखांची स्थिती बघा. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असतील तेव्हा आकार बोलतो, मधल्या स्थितीत बाजूने बघितलं तर पंख एक सरळ रेघ होऊन अंगातच मिसळतात. मान किंचित आपल्याकडे वळलेली आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका, हे मिळालं तर थोडी नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) मी आनंदाने चालवून घेतो. उतरताना पक्षी पाय पुढे काढतो, शेपूट पसरतो, पंख ब्रेकसारखे उभे करतो, तो क्षण सरळ उडण्यापेक्षा कितीतरी भारी असतो. उडायच्या आधी बरेच पक्षी पुढे झुकतात, शिटतात, अंग आवळून घेतात, ते दिसलं की बोट बटणावर. पण उडवायला म्हणून दगड मारणं, टाळ्या वाजवणं, घरट्याजवळ जाणं अजिबात नको, त्या पक्ष्याची ताकद आणि पिल्लांचा जीव आपल्या फोटोपेक्षा मोठा आहे, आणि घाबरून उडालेला पक्षी तसाही आपल्याकडे पाठ करूनच जातो.

घरी आल्यावर आधी निवड, एडिटिंग नंतर. बर्स्टमधले (बटण दाबून सलग काढलेले) फोटो १०० टक्क्यांवर बघा, आधी डोळा शार्प आहे का, मग पंख, मग मान, मग मागे नको ती फांदी आलीय का. एका बर्स्टमधून एक, फार तर दोन ठेवा.

एडिटिंग एका उदाहरणाने सांगतो. समजा संध्याकाळच्या उन्हात पाण्यावरून उडणारा बगळा आहे, मागे गडद झाडी, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). पहिलं काम पाण्याची कड सरळ करणं, तिरकं पाणी डोळ्याला लगेच खटकतं. मग क्रॉप, पण हे लक्षात ठेवा की रुंदी आणि उंची दोन्ही अर्धी केली की पिक्सेल पाव उरतात, २४ मेगापिक्सेलचे ६ होतात, स्क्रीनला पुरतात, मोठ्या प्रिंटला नाही. मग हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) हळूहळू खाली आणा, पंखावर एकेका पिसाची रेघ वेगळी दिसायला लागली की थांबा, आणखी खाली नेलं तर पांढरा बगळा राखाडी होतो. जिथे पिसं पूर्ण जळलीत तिथे काहीच परत येत नाही.

पंखाखालची सावली उचलायची असेल तर पूर्ण फोटोचा शॅडो स्लायडर ओढू नका, झाडी पण उजळते आणि सगळा उठाव जातो. फक्त पंखाखाली ब्रशने मास्क करा (म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होईल), एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवा, आणि त्या भागात पाण्याचा किंवा आकाशाचा निळेपणा आला असेल तर तिथलाच निळा थोडा कमी करा. बाकी पिवळसर ऊन राहू द्या, संध्याकाळचा फोटो दुपारसारखा पांढरा करून काय मिळवायचं?

नॉइज रिडक्शन आधी, शार्पनिंग नंतर, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. बॅकग्राउंडवर नॉइज रिडक्शन जोरात चालतं, पक्ष्यावर कमी, शार्पनिंग फक्त पक्ष्यावर. एआय डिनॉइज खूप सुधारलंय पण ते कधी कधी पिसांचं टेक्स्चर मनाने बनवतं, डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी झूम करून नक्की बघा. क्लॅरिटी (उठाव वाढवणारा स्लायडर) आणि डिहेझ (धुरकटपणा घालवणारा) जास्त झालं की पक्ष्याभोवती उजळ किंवा काळी कड उमटते, निळ्या आकाशावर तर लगेच दिसते. आकाश बदलून दुसरं लावायचं मी तरी सांगणार नाही, उजेडाची दिशा जुळत नाही आणि पक्ष्यावरचा खरा उजेड, ज्यासाठी एवढी धडपड केली, तोच खोटा वाटायला लागतो. सेन्सरवरच्या धुळीचे डाग मात्र काढाच, कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवला की लपलेले डाग पण सापडतात.

शेवटी एक्स्पोर्ट करताना साइझ आधी लहान करा, लांब बाजू २०४८ पिक्सेल ठीक आहे, कलर स्पेस एसआरजीबी (स्क्रीन आणि वेबसाठीची नेहमीची रंगांची पद्धत), आणि त्या साइझला पुन्हा हलकं शार्पनिंग. मग फोनवर ब्राइटनेस अर्धा ठेवून बघा, तिथेही पंखाखाली पिसं दिसत असतील तर टाका फोटो, नसतील तर परत जाऊन त्या ब्रशच्या मास्कला अजून थोडा उजेड द्या.