मुरमांवर सालीचा लेप: या चुका टाळा

लोध्राची साल, धणे आणि वेखंड यांचा तारुण्यपिटिकांवरचा, म्हणजे मुरमांवरचा लेप शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलेला आहे. औषध चांगलं आहे, तरी चेहरा रखरखीत झाला, पुरळ वाढलं अशा तक्रारी येतात. बहुतेक वेळा दोष करण्याच्या पद्धतीत असतो.

सगळ्यात जास्त नडतं ते जाडंभरडं चूर्ण. मिक्सरमधून काढलेल्या सालीत तंतू आणि टोकदार कण उरतात. ते मुरमावर घासले की मुरूम फुटतो, दाह वाढतो आणि मागे काळा डाग राहतो. चूर्ण वस्त्रगाळच हवं. चिमटीत घेतल्यावर मैद्यासारखं लागलं पाहिजे. तिन्ही समभाग घेऊन एक चमचा चूर्ण पाण्यात कालवा आणि न चोळता पातळ थर द्या. वेखंड झोंबत असेल तर वगळा. लिंबू पिळू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा.

लेप कडक वाळू देणं ही दुसरी चूक. सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य त्वचा आवळतं. वाळलेला लेप खरवडून काढला की वरचा थरही दुखावतो. दहा मिनिटांनी, ओलसर असतानाच धुवा. आठवड्यातून दोनदा पुरे.

चेहरा धुवायला वड-उंबराच्या सालीचा काढा करत असाल तर 10 ग्रॅम भरड 160 मिली पाण्यात रात्रभर भिजवा, मंद आचेवर 40 मिली होईपर्यंत आटवा आणि कापडातून गाळा. लोखंडी कढई नको: टॅनिन लोहाशी मिळून काढा निळा-काळा पडतो. स्टीलचं पातेलं घ्या. उरलेला काढा दुसऱ्या दिवशी वापरू नका.

प्रयोगशाळेत सालीच्या अर्काभोवती जिवाणू वाढत नाहीत, एवढ्यावरून लोक त्याला अँटिबायोटिक समजतात. तिथला अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला, दाट असतो. शिवाय मुरमांशी संबंधित क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू तैलग्रंथीच्या छिद्रात खोल, ऑक्सिजन कमी असलेल्या जागी राहतो. टॅनिन वरच्या प्रथिनांनाच चिकटतं, तिथवर फारसं पोचत नाही. म्हणून तेलकटपणा आणि बारीक पुरळ यांसाठीच सालीवर भिस्त ठेवा, तीही सहा-आठ आठवडे धीर धरून. खोल, दुखऱ्या गाठींसाठी थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्या व्रण ठेवून जातात. ॲडापालीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवर लावायचं औषध चालू असेल तर त्या रात्री लेप नको, कातडी सोलवटते.